तत्कार शिकवताना शरीराचं भान कसं जागं करायचं?

प्रश्न असा आहे: ८ ते १४ वर्षांच्या मुलींचा कथकचा वर्ग आहे. "पाठ सरळ, गुडघे ताठ, खांदे खाली" हे रोज सांगितलं जातं. मुली लगेच सावरतात, पण दोन आवर्तनांत, म्हणजे तालाच्या दोन फेऱ्यांत, पुन्हा पहिल्यासारखंच. बराबर लय (मात्रेला एक बोल) बरी जाते, दुगुनला (दुप्पट लय) अंग डोलायला लागतं, चौगुनला (चौपट लय) आवाज फाटतो. चक्कर घेताना पाचव्या फेरीपर्यंत मुलगी हातभर सरकलेली असते. बॉडी अवेअरनेस, माइंडफुल मूव्हमेंट याबद्दल वर्ग घेणाऱ्या ताईंनी बरंच ऐकलं आहे. वर्गाच्या सुरुवातीला दहा मिनिटं ध्यान घ्यावं, की तंत्र शिकवण्याची पद्धतच बदलावी, असं त्या विचारतात.

पद्धत बदलावी. ध्यानाला विरोध नाही, पण डोळे मिटून बसलेल्या मुलीला जे भान येतं ते उभं राहून पाय मारताना तिच्याबरोबर येईलच असं नाही. ज्या हालचालीत भान हवं, त्याच हालचालीत ते शिकवावं लागतं. आणि कथकात यासाठी तत्कारासारखं, म्हणजे ठरलेले बोल पायांनी तालात वाजवण्यासारखं, दुसरं साधन नाही. तेच बोल, तीच पावलं, शेकडो वेळा, आणि कुठे बिघडलं तर कानाला लगेच कळतं.

सूचना टिकत का नाहीत ते आधी पाहू. मुलगी ऐकत नाही असं नसतं. तिला तिची पाठ सरळच वाटत असते. सांधे, स्नायू आणि कंडरांमधून मेंदूला शरीराच्या ठेवणीची खबर सतत जात असते, आणि जी ठेवण रोजची, तिलाच मेंदू 'सरळ' धरून चालतो. पोक काढून बसायची सवय असलेल्या मुलीला खरोखर सरळ उभं केलं तर तिला आपण मागे कलतोय असं वाटतं. तुमची नजर हटली की ती स्वतःच्या 'सरळ'वर परत येते, अगदी प्रामाणिकपणे. एफ. एम. अलेक्झांडर (१८६९–१९५५) हा ऑस्ट्रेलियन नट आपला आवाज का बसतो ते शोधत होता. आरशासमोर उभं राहून त्याने पाहिलं, तर बोलताना तो डोकं मागे खेचत होता. आणि आता आपण ते पुढे नेतोय अशी पक्की खात्री असतानाही मागेच खेचत होता. शरीराचा स्वतःबद्दलचा अंदाज चुकू शकतो, हे त्याच्या पुढच्या सगळ्या कामाच्या मुळाशी आहे.

म्हणजे आपल्याला दुरुस्त करायचा आहे तो हा अंदाज. त्यासाठी वर्गात एक क्रम पक्का ठेवा: मुलीने आधी अंदाज सांगायचा, मग पडताळा घ्यायचा. "वजन कुठल्या पायावर जास्त आहे?" तिने उत्तर दिलं की मगच आरसा, मैत्रिणीचा हात किंवा वजनकाटा. क्रम उलटा झाला, म्हणजे आधी आरसा पाहिला, तर ती आरशातल्या आकृतीला सावरते आणि आतलं जाणवणं तसंच राहतं. म्हणून वर्गाची पहिली पंधरा मिनिटं आरशाकडे पाठ करून उभं करा. घुंगरूही नंतर बांधा. घुंगरांचा आवाज तळव्याच्या आवाजावर पांघरूण घालतो. टाच आधी टेकली की पूर्ण तळवा एकदम टेकला, हे त्यात ऐकू येत नाही.

उभं राहण्यापासून सुरुवात करा आणि त्याला पाच मिनिटं द्या. पायांत चार बोटांचं अंतर. पंजे समांतर की किंचित बाहेर, हे तुमच्या गुरूंकडून आलं असेल तसं. आता लेहऱ्याच्या (आवर्तनभर फिरत राहणारी साथीची धून) संथ लयीवर, मिनिटाला साधारण ५० मात्रा, आठ मात्रांत सगळं अंग घोट्यापासून एकसंध पुढे न्यायचं, पुढच्या आठ मात्रांत मागे. टाच किंवा बोटं उचलायची नाहीत. पुढे गेल्यावर पोटऱ्या आवळतात आणि बोटं जमीन धरू पाहतात. मागे गेल्यावर घोट्याच्या पुढची शीर ताणून वर येते. प्रत्येक आवर्तनाला झुकणं निम्मं करत जायचं. चौथ्या-पाचव्या आवर्तनाला अशी जागा सापडते जिथे बोटंही मोकळी असतात आणि पुढची शीरही शांत. तिथे टाच, अंगठ्याच्या मुळाची गादी आणि करंगळीच्या मुळाची गादी या तिन्ही ठिकाणी जमीन लागते. ही जागा तुम्ही दाखवायची नाही, तिने शोधायची. शोधलेली जागा तिला उद्या पुन्हा सापडते. दाखवलेल्या जागेसाठी ती तुमच्याकडे बघत राहते.

पडताळ्यासाठी गवंड्याचा ओळंबा उत्तम, किंवा दोरीला बांधलेलं कुलूप. बाजूने पाहिलं तर कान, खांद्याचं टोक आणि मांडीच्या बाजूला हाताला लागणारा हाडाचा उंचवटा एका ओळीत यावेत आणि दोरी घोट्याच्या हाडाच्या जरा पुढे पडावी. दहा-बारा वर्षांच्या मुलींना ही तपासणी फार आवडते, त्या एकमेकींची घेतात, आणि दुसरीचं शरीर पाहता पाहता स्वतःचं लवकर कळतं.

गुडघ्याबद्दल इथेच बोलायला हवं, कारण "गुडघे ताठ" ही आपल्या वर्गांतली सर्वांत महागात पडणारी सूचना आहे. मुली ती ऐकून गुडघा मागे ढकलून कुलूप लावल्यासारखा अडकवतात. ज्यांचे सांधे मुळात लवचिक, त्यांचे गुडघे तर धनुष्यासारखे मागे जातात. अशा वेळी मांडीचे स्नायू काम सोडतात, भार सांध्याच्या मागच्या अस्थिबंधांवर लटकतो, कंबर पुढे कलते आणि पाठीला खळगा पडतो. मग तुम्ही म्हणता, "पोट आत घे." ती श्वास धरून पोट आवळते. एका गुडघ्यामुळे सुरू झालेली माळ श्वासापर्यंत पोचते. उपाय तुलनेचा: गुडघा पूर्ण मागे ढकल, तिथे चार मात्रा थांब, आता जेमतेम बोटभर वाकव, चार मात्रा थांब, आता या दोन्हींच्या मधली अशी जागा शोध जिथे गुडघा बाहेरून सरळ दिसतो पण कधीही वाकायला तयार आहे. तीनदा करा. "ताठ" हा शब्द वर्गातून काढून टाका; "सरळ आणि मोकळा" म्हणा. चूक मुद्दाम करून पाहणं हा या पद्धतीचा मोठा भाग आहे. जी चूक मुलगी हवी तेव्हा करू शकते, तीच तिला हवी तेव्हा थांबवता येते.

आता वजन. घरातले दोन वजनकाटे शेजारी ठेवता आले तर बघा. मुलगी ३० किलोची असेल तर एकेक पाय एकेका काट्यावर ठेवून, समोर पाहत, "दोन्हीकडे १५" असं तिने आधी जुळवायचं. मैत्रीण आकडा वाचते: १८ आणि १२. जवळजवळ प्रत्येकीला यात आश्चर्य वाटतं. मग २५ आणि ५ करायचं, पण खांदे आणि बरगड्या न हलवता, फक्त कंबरेखालून. काटे नसतील तर भिंत वापरा. टाचा भिंतीपासून दोन-तीन बोटं पुढे, नितंब दोन्ही बाजूंनी भिंतीला सारखे टेकलेले. उजवा पाय बोटभर उचलायचा आणि भिंतीवरचा दाब कुठे वाढला ते सांगायचं. ज्या मुली डोलतात, त्यांना एका बाजूचा दाब सुटल्याचं लगेच कळतं. डोलण्याचं साधं कारण पुष्कळदा पायांतल्या अंतरात असतं. लय वाढली की मुली नकळत पाय फाकवतात; पाय जितके लांब, तितकं वजन एकावरून दुसऱ्यावर न्यायला अंग जास्त सरकवावं लागतं. चार बोटांचं अंतर कायम राहिलं तर दुगुनमधलं निम्मं डोलणं आपोआप जातं.

मग पाय उचलणं. संथ लयीत तळवा जमिनीला समांतर वर यायला हवा, तीन-चार बोटं पुरतात. नेहमीची चूक म्हणजे टाच मागे फेकणं: गुडघा तिथेच राहतो आणि पोटरी मागे झुलते. असा पाय खाली येताना पुढच्या भागावर आधी पडतो. मुलीला हात जांघेच्या घडीवर ठेवायला सांगा, मांडी धडाला मिळते तिथे. पाय वर येताना ती घडी हाताखाली खोल झाली पाहिजे. घडी हलली नाही तर पाय गुडघ्याखालूनच उचलला गेला. दुसरी खूण घोट्याची: उचललेला पाय हवेत असताना पंजा हलवून बघता येतो का? येत नसेल तर घोटा आवळलेला आहे.

आघाताचं तर स्वतंत्र प्रकरण आहे. पाय मारायचा की सोडायचा? माझं ठाम मत, लहान वयात आधी सोडायला शिकवावं. पायाला स्वतःचं वजन आहे. ते पडू दिलं आणि पूर्ण तळवा एकदम टेकला तर आवाज भरीव येतो. मुली आवाज वाढवायला मांडीने ढकलतात आणि टेकल्यानंतरही दाबत राहतात. दाबलेला पाय पुढच्या मात्रेला उशिरा उठतो; चौगुनला आवाज फाटण्याचं हे पहिलं कारण. यासाठी आवाजाच्या चार पायऱ्या ठरवा. एक म्हणजे शेजारच्या मुलीलाही जेमतेम ऐकू यावा इतका, चार म्हणजे पूर्ण. आणि सराव नेहमी एकपासून सुरू करा. यामागे शरीराचा एक नियम आहे: ताकद जितकी जास्त लागलेली, तितके बारीक फरक कळेनासे होतात. हातात पुस्तक असताना त्यावर ठेवलेलं पेन्सिलीचं वजन समजतं, पाण्याची भरलेली बादली उचललेली असताना समजत नाही. हालचालीतून शरीराचं भान शिकवणारे मोशे फेल्डेनक्राइस (१९०४–१९८४) यांच्या पद्धतीत सगळं काम इतकं हलकं आणि सावकाश का चालतं, त्याचं एक कारण हेच. पायरी एकवर मुलीला टाच आणि गादी यांतला क्षणाचा फरक जाणवतो. तो मिटला की पायरी दोन.

कान तयार करायला एक खेळ घ्या. एकजण मागे उभी राहून पाय टाकते, बाकीच्या डोळे मिटून ओळखतात: टाच आधी, पंजा आधी, की पूर्ण तळवा. टाचेचा आवाज बोथट आणि खोल, पंज्याचा चापट मारल्यासारखा, पूर्ण तळव्याचा गोल आणि एकच. दोन आठवड्यांत आठ वर्षांची मुलगीसुद्धा अचूक ओळखायला लागते.

आघाताचा जोर किती असावा यावर घराण्यांची वळणं वेगळी आहेत. जयपूरकडे पायाचं काम जोरकस, लखनौकडे नजाकत अधिक. महाराष्ट्रात बऱ्याच वर्गांत दोन्हींचा संगम दिसतो. कथक नृत्यांगना आणि गुरू रोहिणीताई भाटे यांनीही दोन्ही घराण्यांची तालीम घेतली होती. त्यांनी १९४७ मध्ये पुण्यात नृत्यभारती सुरू केली आणि त्या परंपरेतून इथल्या कितीतरी वर्गांची पाळंमुळं निघाली. तुमचं वळण कोणतंही असो, चौथ्या पायरीचा जोर पहिल्या पायरीच्या अचूकपणावरच उभा राहतो.

आता तत्कारातली ती जागा, जिथे सगळ्यात जास्त शिकवता येतं आणि जिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. पाय: उजवा, डावा, उजवा, डावा, मग डावा, उजवा, डावा, उजवा. म्हणजे चौथ्या मात्रेला डावा आणि पाचव्यालाही डावाच. आठव्याला उजवा आणि नवव्याला पुन्हा उजवाच. इतर मात्रांना वजन एका पायावरून दुसऱ्यावर जातं, पण 'तत्'ला पाय वाजतो आणि वजन घेत नाही. ते अजून आधीच्या पायावरच असतं, म्हणून तोच पाय लगेच पुन्हा उठू शकतो. मुलींना हे कुणी सांगितलेलं नसतं. त्या 'तत्'लाही वजन देऊन बसतात, मग 'आ'साठी ते घाईघाईने परत न्यावं लागतं. संथ लयीत ही धावपळ खपून जाते. दुगुनमध्ये तिथे कंबर हिसका देते आणि चौगुनमध्ये 'तत्' आणि 'आ' यांतलं अंतर कमीजास्त होतं. ताईंना ऐकू येतं "लय पळते आहे", आणि मुलीला सांगितलं जातं "लयीकडे लक्ष दे." दोष लयीचा नसतो, वजन चुकीच्या पायावर गेलेलं असतं.

सराव असा: मिनिटाला ५० मात्रा. दोन आवर्तनं नेहमीसारखी. पुढची चार आवर्तनं, प्रत्येक 'तत्'ला थिजायचं. थिजल्यावर एकच प्रश्न: "आत्ता वाजलेला पाय, बाकी काहीही न हलवता उचलता येतो?" आला तर वजन योग्य जागी. अंग सरकवून मग उचलावा लागला, तर वजन दिलं गेलं. त्यानंतर दोन आवर्तनं न थांबता, फक्त 'तत्' पायरी एकने आणि बाकी तीन बोल पायरी दोनने. आवाजाचा हा फरक ठेवताना मुलीला वजन राखावंच लागतं. मग सगळे बोल समान जोराने करायचे, पण वजनाची जाणीव तीच. हे आठवडाभर रोज पाच मिनिटं करून मग दुगुनला जा. फरक कंबरेवर दिसेल. दुपट्टा कंबरेला घट्ट बांधून त्याची गाठ पुढे ठेवली, तर गाठ डावी-उजवीकडे किती झुलते ते मैत्रिणीला मोजताही येतं.

श्वासासाठी वेगळा व्यायाम लागत नाही, पढंत आहे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांसाठी हातावर ताल देऊन बोल म्हणण्याची तयारी मुलींना करावीच लागते. तीच पढंत पाय चालू असताना घ्या. श्वास धरलेल्या मुलीचा आवाज वर चढतो आणि बोलांची शेवटची अक्षरं गिळली जातात. आणखी एक बारकी चाचणी: तत्कार चालू ठेवून लांब 'आ' लावायचा. प्रत्येक पावलाला 'आ' हिसके खात असेल तर आघात पायात न विरता धडापर्यंत पोचतो आहे: गुडघा अडकलेला किंवा पोट आवळलेलं. कारण शोधताना आधी गुडघा पाहा. "श्वास घे" असं मात्र नुसतं सांगू नका; मुली खांदे उचलून मोठा श्वास घेतात आणि तुमची आणखी एक सूचना वाढते.

इथपर्यंतचं सगळं संथ आणि बराबर लयीसाठी आहे. पुढचा मुद्दा या विषयात उत्साहाने शिरलेल्या शिक्षकांकडून हमखास निसटतो. वेगात शरीराच्या भागांकडे लक्ष देणं नडतं. जी हालचाल सरावाने आपोआप होऊ लागली, तिच्यात मधेच जाणीवपूर्वक हात घातला की ती अडखळते. जिना उतरताना आपण कोणता पाय कसा टाकतोय याचा विचार करून पाहा. हालचाल-शिक्षणाच्या अभ्यासक गाब्रिएले वुल्फ यांनी १९९०च्या दशकापासून अनेक प्रयोगांतून दाखवलं आहे की लक्ष स्वतःच्या अवयवांपेक्षा हालचालीच्या परिणामावर ठेवलं, तर कौशल्य बहुधा चांगलं साधतं. म्हणून लयीप्रमाणे लक्षाची जागा बदलायची. ठाय, म्हणजे संथ, लयीत आत: वजन, जांघेची घडी, तळव्याच्या तीन जागा, एका वेळी एकच. बराबरला अर्धं आत, अर्धं बाहेर: "जमीन तुझ्या पायाला काय उत्तर देते ते ऐक." दुगुनला पूर्ण बाहेर: सगळे आवाज एकाच मापाचे येतात का. चौगुनला फक्त लेहरा आणि सम (आवर्तनाची पहिली मात्रा). चौगुन चालू असताना "गुडघा, गुडघा" असं ओरडणं म्हणजे मुलीला अडखळायला लावणं. बिघडलेलं दिसलं तर आवर्तन पूर्ण होऊ द्या, लय खाली आणा, तिथे बघा, पुन्हा वर न्या.

हस्तकांबद्दल, म्हणजे हातांच्या हालचालींबद्दल, थोडक्यात. खांदे वर येतात कारण मुली हात खांद्याच्या टोकापासून उचलतात. मैत्रिणीने पाठीच्या पात्यावर तळहात ठेवायचा. हात बाजूला जाताना पातं त्या तळहाताखाली सरकलं पाहिजे. पातं गोठलेलं आणि खांदा वर, म्हणजे हात मानेने उचलला. "खांदे खाली" म्हणण्यापेक्षा "पातं बाहेर सरकू दे" हे जास्त लवकर लागू पडतं.

चक्करमध्ये दोन वेगळी कामं एकत्र असतात, आस सांभाळणं आणि डोकं वळवणं; ती आधी वेगवेगळी शिकवा. आपली नेहमीची चक्कर डाव्या टाचेवर, डावीकडून फिरणारी. टाचेवर फिरायचं म्हटलं की मुली पंजा ताठ उचलतात. त्याने वजन टाचेच्याही मागे जातं आणि दर फेरीला त्या मागे सरकतात. पंजा जमिनीवरून कागद निघेल एवढाच सुटावा. आधी पाव वळण, चार पावांत एक फेरी, प्रत्येक पावाला थांबून: वजन टाचेच्या मध्यावर आहे का? मग अर्धी, मग पूर्ण. डोक्याचं काम जागेवर उभं राहून, पावलं अगदी बारीक टाकत सावकाश वळताना करायचं: समोर डोळ्यांच्या उंचीवर ठरवलेल्या खुणेवरून नजर शेवटी सुटते आणि सगळ्यांत आधी परत येते. खूण उंचावर ठेवली तर हनुवटी वर जाते, मान मागे कलते, आस मोडते.

मग जमिनीवर खडूने फुली. मुलगी फुलीवर टाच ठेवून पाच चक्कर घेते, थांबते, आणि खाली न बघता सांगते: "मी मागे, साधारण एक वीत." मग बघायचं. सरकण्याची दिशा कारण सांगते. मागे सरकली तर पंजा जास्त उचलला किंवा नजर वर. पुढे सरकली तर कंबरेतून वाकली. बाजूला गेली तर उजवा पाय लांब पडतो आहे. तो डाव्याच्या जवळच पडायला हवा. आपण किती सरकलो याचा अंदाज बरोबर यायला लागला, की सरकणं त्यापाठोपाठ कमी होतं.

घेरी येते ती आतल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नळ्यांमुळे. शरीर थांबलं तरी त्यांतला द्रव काही सेकंद फिरत राहतो आणि मेंदूला वाटतं आपण अजून फिरतोय. थांबल्यावर हाताचा अंगठा समोर धरून त्यावर नजर स्थिर ठेवायची आणि खोली पूर्ण थांबल्याशिवाय पुढची फेरी सुरू करायची नाही. एका वर्गात पाच-पाच चक्करच्या तीन फेऱ्या या वयाला पुरेत. मळमळेपर्यंत फिरवण्याने सवय लागत नाही, भीती बसते.

शरीराचं भान देणाऱ्या वर्गात जमिनीचाही विचार हवा. आपले बहुतेक वर्ग सोसायटीच्या हॉलमध्ये किंवा शाळेच्या खोलीत भरतात: काँक्रीटच्या स्लॅबवर टाइल, शहाबादी किंवा ग्रॅनाइट. ही जमीन आघाताचा काहीच भाग घेत नाही, सगळा परत पायात येतो. लाकडी पट्ट्यांच्या चौकटीवर प्लायवुड ठोकून केलेला फळीचा मंच सर्वांत बरा. ते शक्य नसेल तर जोरकस तत्कार तासातून दहा-बारा मिनिटांपेक्षा जास्त नको. उरलेलं काम पायरी एक-दोनने. सतरंजी अंथरू नका, ती सरकते. घुंगरू लहान मुलींना पायाला २५ ते ५० पुरतात. शंभराची घाई करू नये. घुंगरू बांधल्यावर पाय उचलण्याची उंची कमी झाली किंवा टाच मागे जायला लागली, तर संख्या जास्त झाली असं समजा.

दुखण्याच्या बाबतीत "होईल सवय" म्हणू नका. मेहनतीने दोन्ही पोटऱ्या सारख्या अवघडणं, दोन दिवसांत जाणं, हे ठीक. पण ८ ते १४ या वयात टाचेचं हाड वाढत असतं आणि टाचेच्या मागच्या बाजूला दुखणं हे त्या वाढीच्या भागावर ताण आल्याचं लक्षण असू शकतं. पाय मारणं लगेच कमी करा. नडगीच्या आतल्या कडेला लांबट पट्ट्यात दुखत असेल तर आघात आणि वेळ दोन्ही घटवा. आणि बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी हाड दुखत असेल, रात्रीही दुखत असेल, तर तत्कार पूर्ण बंद आणि अस्थिरोगतज्ज्ञांकडे. यात वाट पाहायची नाही. ज्या मुलींना अंदाज सांगायची सवय लागलेली असते त्या दुखण्याची जागाही नेमकी सांगतात, तेव्हा त्यांचं ऐका.

ही पद्धत बिघडते तीही ठरावीक ठिकाणी. पहिलं म्हणजे बोलणं वाढतं. एका व्यायामाला एकच प्रश्न, उत्तर एका वाक्यात, लगेच पुन्हा पाय. तासातला निम्मा वेळ गप्पांत गेला तर घामही येत नाही आणि भानही. दुसरं, प्रश्नातच उत्तर दिलं जातं: "आता हलकं वाटतंय ना?" मुली हो म्हणतात. त्याऐवजी "आधीपेक्षा काय वेगळं?" असं विचारा, आणि "काहीच नाही" हे उत्तरही मान्य करा, ते खरं असू शकतं. तिसरं, भान म्हणून मुली पायांकडे बघायला लागतात. मान खाली गेली की वजन पुढे जातं आणि सगळा हिशोब बदलतो; पाय बघण्यासाठी नाहीत, ऐकण्यासाठी आहेत, हे पहिल्या दिवशी सांगा. चौथं, एका दिवशी पाच गोष्टी. आठवड्याला एकच जागा घ्या: या आठवड्यात गुडघा, पुढच्या आठवड्यात 'तत्'चं वजन. आणि हात लावून दाखवण्याआधी प्रत्येक वेळी विचारा, "हात लावू का?" मुलीने नको म्हटलं तर तिचाच हात तिच्या कंबरेवर ठेवायला सांगा, पुष्कळदा तोच जास्त उपयोगी पडतो. पालकांनाही हे आधी सांगून ठेवा.

साठ मिनिटांची वाटणी अशी चालते: उभं राहणं आणि झुकणं ५, वजन किंवा भिंत ५, आवाजाच्या पायऱ्या १ आणि २ वर ठाय तत्कार १०, 'तत्'ला थिजणं ५, घुंगरू बांधून बराबर-दुगुन-चौगुन १०, चक्कर ८, उरलेला वेळ तोडे, तुकडे आणि पढंत. परीक्षेच्या आधीच्या महिन्यात नवीन काहीही शोधायला लावू नका. तेव्हा लक्ष पूर्ण बाहेर, लेहऱ्यावर आणि समेवर. आतलं काम फक्त पहिली दहा मिनिटं. पहिले तीन-चार आठवडे मुली आधीपेक्षा मंद आणि अडखळत्या वाटतील, कारण जुनी सवय सुटलेली आणि नवी बसलेली नसते. पालक विचारतील, तेव्हा त्यांना वर्गात बोलवा आणि त्यांच्या मुलीला डोळे मिटून आवाज ओळखायला सांगा.